मागच्या पानावर

बत्तीस वर्षं मी नववीला संस्कृत शिकवलं.
अपरिग्रह : नञ् तत्पुरुष. दोन गुण.
गुण म्हणजे मार्क,
एवढाच अर्थ माझ्या लाल पेनाला ठाऊक होता.
विग्रह फळ्यावर लिहून झाला की हात झटकायचे,
खडूची भुकटी नव्या साडीवर उडायची,
आणि मी घाईघाईने साडी झटकायची.

रिटायर झाल्यावर एका सकाळी
कपाट उघडेचना.
बोहरा बाजारातून हकीमुद्दीनभाई आले,
कुलपाला कान लावून बसले, किल्ली उन्हात धरली.
"ताला ठीक है, टीचरजी.
अंदर से कोई धक्का दे रहा है."

दार निघालं.
एकोणीस साड्यांची घडी
दुकानातल्या पोराने घातली होती तश्शी.
एकीत बिल निघालं, नऊ वर्षांपूर्वीचं,
नाव माझंच,
आणि घ्यायचं कारण काही केल्या आठवेना.

त्या दिवसापासून हिशेबाच्या वहीचं मागचं पान
मी न घेतलेल्या वस्तूंना दिलं.
तारीख, वस्तू, किंमत,
आणि एक शेवटचा रकाना, ज्याला नाव सुचलं नाही.

एअर फ्रायर.
(समोरच्या कर्णिकांकडे आहे. त्यावर नॅपकिन वाळतो.)
तांब्याचा जग, ठोक्याचा.
दुसरा तांब्याचा जग.
मऊ तळव्यांच्या चपला.
(ही नोंद चुकली. टाच दुखते.)

काहीही घेण्याआधी तीन दिवस थांबायचं, हा नेम.
धृति हा शब्द मतीसारखा चालतो,
पिढ्यान् पिढ्या मुलींकडून चालवून घेतला मी.
तो थांबतो कसा,
ते आता साठीनंतर गिरवत होते.

क्लॉथ मार्केटात एक माहेश्वरी पाहिली,
कांद्याच्या सालीचा रंग, काठ जेमतेम बोटभर.
एक, दोन, तीन. चौथ्या दिवशी गेलेच.
पारसमलजींनी ती बाजूला ठेवली होती.
"आपकी ही है, बहनजी. अड़तालीस सौ."
मी पदर हातात घेतला, सोडला,
आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
तुमच्याकडे किती कपडे?
"चार जोड़ी. एक चौमासे में मर्यादा ली थी,
फिर छोड़ने का मन नहीं हुआ."
त्यांच्या पाठीमागे फळ्यांवर
छताला टेकलेल्या साड्या.
मी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.
त्यांनीही पाहिलं.
मग ते घडी घालू लागले,
काठाला काठ लावत, तळहाताने वारा काढत,
इतकं सावकाश,
की काय उत्तर असेल ते त्या घडीत गेलं.

मी रिकाम्या हातांनी निघाले.
अठ्ठेचाळीसशे! चालताना पाय हलके.
मालगंजच्या चौकात मेथी घेतली.
बाई म्हणाली पंचवीस, मी म्हटलं वीस,
ती म्हणाली, सुबह से बोहनी नहीं हुई,
मी म्हटलं वीस.
तिने जुडी पिशवीत टाकली. माझ्याकडे न बघता.

जिन्याच्या सातव्या पायरीवर
एक शब्द आडवा आला, अस्तेय.
विग्रह सोपा होता.
पाच रुपये. तिचे.

दुसऱ्या दिवशी गेले तर त्या जागी
एक मुलगा मोबाइलचे कव्हर विकत होता.
मेथीवाली? त्याने खांदे उडवले.
तिसऱ्या दिवशी. चौथ्या.
थांबायची सवय झालीच होती.

आज चपला घेतल्या. सांगितल्या किमतीत.
पुढच्या पानावर लिहिल्या, जिथे खर्च लिहितात.
मागच्या पानावरच्या बिननावाच्या रकान्यात
एकच आकडा आहे.
आणि पाचाचं ते नाणं
मी चष्म्याच्या घरात ठेवलंय.
वाचायला बसताना चष्मा काढला
की वाजतं.